बालीवरून कोमोडो एका दिवसात होतंय का?

प्रश्न: आम्ही बत्तीस शिराळ्याचे, मे महिन्यात बालीला चाललोय. सात वर्षांच्या मुलीला कोमोडो ड्रॅगन बघायचाच आहे. बालीवरून सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का? आणि एवढ्या लहान पोरीला नेणं कितपत बरं?
– एक आई, शिराळा (जि. सांगली)

उत्तर: ताई, नक्की जा, पण एका दिवसात उरकायच्या नादाला लागू नका. बालीवरून लाबुआन बाजो या फ्लोरेस बेटावरच्या बंदराच्या गावी विमानाने तासाभरात पोचता, पण खरा प्रवास तिथून पुढे बोटीचा आहे, त्यामुळे लाबुआन बाजोत दोन रात्री तरी मुक्काम धराच. मे महिना चांगला निवडलाय, पावसाळा सरलेला असतो.

कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीचाच भाऊबंद, फक्त 3 मीटरपर्यंत वाढणारा आणि हरीण, रानडुक्कर, कधी म्हैससुद्धा पाडणारा. तोंडातल्या घाणीमुळे सावज मरतं असं अजून सांगतात लोक, पण त्याला विषग्रंथी असतात हे 2009 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलंय. सावलीत पडलेला असला की ओंडकाच वाटतो, मग ती पिवळसर दुभंगलेली जीभ बाहेर येते, आत जाते, परत येते, वास घेणं चालू असतं त्याचं.

मुलीबद्दल स्पष्टच सांगते. 2007 मध्ये कोमोडो बेटावर आठ वर्षांच्या मुलाचा जीव गेलाय. तेव्हा तिचा हात एक मिनिटही सोडायचा नाही, पळू द्यायचं नाही, दुबेळक्याची काठी घेतलेल्या रेंजरला धरूनच चालायचं. कुणाला जखम असेल किंवा पाळी चालू असेल तर रेंजरला आधीच सांगा, लाजू नका, रक्ताचा वास त्याला लांबून लागतो.

आणि ड्रॅगन बघून लगेच बोटीत बसू नका हो, कोमोडो गावात जाऊन या. तिथले लोक त्याला ओरा म्हणतात, आणि त्यांची कथा अशी की पुत्री नागा नावाच्या राजकन्येला जुळं झालं, एक माणसाचा मुलगा आणि एक ओरा, म्हणून ओरा म्हणजे घरचीच बहीण. तुमच्याकडे नागपंचमीला बायका नागाला भाऊ मानून उपवास धरतात, त्यामुळे तुमच्या मुलीला हे वेगळं समजवावं लागणार नाही. 2019 मध्ये सरकारने याच लोकांना बेटावरून हलवायचं काढलं होतं, नंतर ते रद्द केलं, आणि बरंच झालं म्हणते मी, पिढ्यान्‌पिढ्या ओराच्या शेजारी राहिलेली माणसं आहेत ती. लाकडी ओरा घ्यायचा तर त्यांच्याकडूनच घ्या.

बोट ठरवताना लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते डोळ्यांनी बघा, नुसतं हो म्हणाले म्हणून पैसे देऊ नका.