मैदान आणि शरीर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी सतरा वर्षांची मुलगी फुटबॉल खेळते. आता वरच्या संघाबरोबर सराव सुरू झालाय. नामांकित खेळाडूंच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटल्याच्या बातम्या सारख्या कानावर येतात. तिची आजी म्हणते, बाईच्या शरीराला हा खेळ झेपायचा नाही. खरं काय?
– एक वडील

उत्तर : आजींना पुरावा हवा असेल तर माझा उजवा गुडघा दाखवा. मी मधल्या फळीत खेळायचे. चेंडूमागे धावता धावता एकदम थांबून वळले, पाऊल जमिनीत रुतलं, गुडघा आत वळला आणि 'टप्' असा आवाज आला. आसपास कुणीही नव्हतं, त्यामुळे पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही! गुडघ्यातली हाडं एकमेकांना धरून ठेवणारं ए.सी.एल. नावाचं हे लिगामेंट बहुतेक वेळा असंच तुटतं. कुणी पाडत नाही. आपण थांबतो, वळतो किंवा उडी मारून उतरतो, आणि ते जातं.

धोका खरा आहे. सारखाच खेळ खेळणाऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो निदान दुप्पट. २०२३च्या विश्वचषकाला इंग्लंडची कर्णधार लेआ विल्यमसन, तिचीच सहकारी बेथ मीड आणि नेदरलँड्सची व्हिव्हियाने मीडेमा या तिघी ह्याच दुखापतीमुळे मुकल्या. तिघी तेव्हा आर्सेनल या एकाच क्लबच्या.

कारण विचारलं की लोक लगेच रुंद कंबर आणि पाळी ही दोन नावं घेतात. सांध्याच्या ठेवणीचा काही वाटा असेलही. पाळीचा संबंध किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण मला विचाराल तर या चर्चेत एक सोय आहे : दोष शरीराचा ठरला की क्लबला काही करावं लागत नाही. मुलांच्या हाती कोवळ्या वयात वजनं येतात. मुलींना 'दंड फुगतील' म्हणून त्यांपासून लांब ठेवतात आणि विशीत एकदम व्यावसायिक वेळापत्रकात ढकलतात. मांडीचे मागचे स्नायू कच्चे असले की उडीवरून उतरताना गुडघ्याला आवरायला कुणी उरत नाही.

म्हणून तुमच्या मुलीच्या सरावाला एकदा जा आणि पहिली वीस मिनिटं बघा. 'फिफा ११+' नावाचा वॉर्म-अप आहे. त्यात हळू धावणं, मग फळीसारखं शरीर ताठ धरणं, एका पायावर तोल, उड्या, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि शेवटी वेगाने धावून वळणं असतं. १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर नॉर्वेत त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८मध्ये आले आणि दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दिसलं. यंत्र नको, पैसा नको. तरी उशीर झाला की प्रशिक्षक पहिली कात्री इथेच लावतात. त्याबद्दल त्यांच्याशी भांडा, माझा पाठिंबा आहे. उडीवरून उतरताना तिचे गुडघे एकमेकांकडे झुकतात का, तेही बघा. फोनवर समोरून चित्रण केलंत तर लगेच कळेल.

आणि समजा, लिगामेंट तुटलंच, तर घाई नको. मी ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात मैदानात उतरले, कारण सामना महत्त्वाचा होता आणि 'आता दुखत नाही ना?' एवढाच प्रश्न मला विचारला गेला. दुखत नव्हतंच. तोच गुडघा पुन्हा गेला, आणि माझं खेळणं तिथे संपलं. ऑपरेशननंतर किमान नऊ महिने द्यावेत, आणि दोन्ही पायांची ताकद मोजून जवळपास सारखी भरेपर्यंत सामना नाही. आजींना स्पेनची फुटबॉलपटू अलेक्सिया पुतेयासची गोष्ट सांगा. जुलै २०२२मध्ये, युरो स्पर्धा तोंडावर असताना तिचं हेच लिगामेंट तुटलं. एप्रिल २०२३च्या शेवटी ती मैदानात परतली आणि ऑगस्टमध्ये स्पेनबरोबर विश्वविजेती झाली.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते : सराव वाढला आणि पाळी बंद झाली, तर ते 'फिट' झाल्याचं लक्षण नव्हे. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं. हाडं ठिसूळ होतात, नडगीला किंवा पावलाला बारीक चिरा जातात. तिच्या आईकडून विचारून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दादाचे जुने फुटबॉल बूट मला लांबीला बरोबर बसतात. वापरू का?
– एक खेळाडू, वय १५

उत्तर : लांबी जुळली तरी टाच बघ. आपली, म्हणजे मुली-बायकांची, टाच पुढच्या पंजाच्या मानाने बहुधा अरुंद असते. पुरुषांच्या मापाच्या बुटात ती आतल्या आत घसरते. नाडी आवळून चवड्यांवर चाल. टाच वर सरकली तर बूट दादाला परत. कृत्रिम गवतावर खेळत असशील तर खालचे खिळे आखूड घे. लांब खिळे तिथे रुततात, पाऊल अडकतं आणि वरचं शरीर मात्र वळून जातं. माझ्या पायात त्या दिवशी लांब खिळ्यांचेच होते, आणि तेही उसने.