दुसऱ्या महायुद्धातला स्कॉटिश कापडी बिल्ला अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

एडिंबऱ्याच्या जुन्या बाजारात निळ्यावर लाल 'एचडी' अक्षरांचा बिल्ला आणि टार्टनचा, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचा, चौकोनी तुकडा जोडीने मिळतोय, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं हे बिल्ले जमवतोय, त्यावरून सांगतो: बिल्ला नीट तपासा, टार्टनसाठी वेगळे पैसे देऊ नका.

'एचडी' ही ब्रिटिश सैन्यातल्या ५१व्या हायलँड डिव्हिजनची खूण. जातील तिथे ती भिंतींवर रंगवायचे, म्हणून त्यांना 'हायवे डेकोरेटर्स', म्हणजे रस्ते सजवणारे, म्हणत. मागणी मोठी, म्हणून नकलाही भरपूर.

आधी बिल्ला उलटा करा. तेव्हाचे बरेच बिल्ले लोकरी फेल्टवर (दाबून केलेल्या जाड कापडावर) भरतकाम केलेले असत, किंवा काटकसरीपायी सुती कापडावर नुसते छापलेले. छापील म्हणजे नकली, ही समजूत चूक आहे. उन्हाने पुढची बाजू विटते, मागची गडद राहते. दोन्ही बाजू सारख्याच पिवळट दिसल्या तर तो चहाच्या पाण्यात बुडवलेला असू शकतो. कडेला उसवलेल्या टाक्यांची भोकं दिसली तर मला बरं वाटतं, पण नसली म्हणून बिल्ला बाद होत नाही. कित्येक कोठारातून न शिवताच बाहेर पडले.

विक्रेत्याची हरकत नसेल तर एखादा सुटा धागा जाळून बघा. सुताची राख होते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टरची वितळून कडक गुठळी होते, आणि पॉलिएस्टर निघालं तर बिल्ला युद्धानंतरचा. अंधारात अतिनील टॉर्चही मारा. कापड उजळवणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे निळसर-पांढरी चमक दिसली की सावध व्हा. मात्र अस्सल बिल्ला कुणी आजच्या पावडरीने धुतला असेल तर तोही चमकतो. एकट्या टॉर्चवर निकाल देऊ नका.

टार्टनचं म्हणाल तर सीफोर्थ आणि हायलँड लाइट इन्फंट्री, दोन्ही पलटणींचं टार्टन मॅकेन्झीच. तुकड्यावरून पलटण ठरत नाही, आणि एक जुना किल्ट (टार्टनचा घोळदार स्कॉटिश घागरा) कापला की ढीगभर 'युद्धातले' तुकडे तयार होतात. असा एक मीही घेऊन बसलोय.

खांद्यावरची पलटणीच्या नावाची पट्टी दाखवली तर नाव पूर्ण वाचा. 'क्वीन्स ओन कॅमेरन हायलँडर्स' युद्धात होती. 'क्वीन्स ओन हायलँडर्स' ही १९६१ मध्ये कॅमेरन आणि सीफोर्थ एकत्र करून झाली.

मागच्या बाजूचा, दिवसाच्या उजेडातला फोटो टाका, बघून सांगतो.