जुनी १३ आसनी ट्रॅव्हलर घेऊन कामाची गाडी करावी का? सहा पावसाळे चालवल्यावरचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की दापोली-गुहागर भागात सोलर पंप आणि इन्व्हर्टर बसवण्याचं काम आहे, हाताखाली पाच मुलं आहेत, पर्यटकांना फिरवलेली एक जुनी १३ आसनी ट्रॅव्हलर स्वस्तात मिळतेय. मागची आसनं काढून तिथे रॅक आणि छोटं टेबल करायचंय. तर घ्यावी का, आणि काय सांभाळावं?

घ्या. पण माणसं आणि लोखंड यांच्यामध्ये भिंत उभी राहीपर्यंत ती एक दिवससुद्धा कामावर काढू नका.

मी मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. राहायला रत्नागिरीजवळ, कामाला हर्णैपासून विजयदुर्गपर्यंत. अशीच एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन मी ती बदलून घेतली. पहिल्या वर्षी पुढे माणसांची आसनं आणि मागे हत्यारांच्या पेट्या असं नुसतं ठेवलं होतं. पेट्या दोरीने बांधलेल्या. कोल्हापूरहून एक शाफ्ट खरादून घेऊन आंबा घाट उतरत होतो. वळणावर गुरं आली, ब्रेक मारला. वेग तीस-पस्तीसचा असेल. मागचा अठरा किलोचा वाइस, म्हणजे काम पकडायचा लोखंडी शिकंजा, दोरीतून सुटला आणि आसनांच्या खालून घसरत पुढे आला. मधल्या रांगेत बसलेल्या मुलाचा घोटा मोडला. "भाऊ, पाय उचलत नाय" एवढंच तो म्हणाला. त्याचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. अपघातसुद्धा नव्हता तो, नुसता ब्रेक होता.

नंतर मी हिशोब मांडला. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू जशी आदळते, तशीच ती पाच मीटरवरून खाली पडली तर आदळते. ५० च्या वेगाला ही उंची दहा मीटर होते, ७० ला एकोणीस. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. तुमच्याकडे पंपाची मोटर, ड्रिल मशीन, पाइप, बॅटऱ्या असणार. त्यातली कुठली वस्तू तिसऱ्या मजल्यावरून तुमच्या मुलाच्या पाठीत पडलेली चालेल, असा प्रश्न स्वतःला विचारा आणि मग भिंतीचा खर्च ठरवा.

भिंत अशी करा. ४० मिमी स्क्वेअर पाइपची चौकट, कमरेपर्यंत २ मिमी पत्रा, वर जाड वेल्डमेश. जाळीमुळे चालकाला आरशातून मागचं दिसतं आणि हवा खेळते. चौकट नुसत्या फ्लोअरच्या पत्र्याला स्क्रूने धरू नका, पत्रा फाटून येतो. फ्लोअरखाली जिथे आडव्या पट्ट्या जातात तिथे बोल्ट आरपार घ्या आणि खालून पंजाच्या आकाराची जाड प्लेट द्या. आपत्कालीन दार किंवा खिडकी भिंतीच्या मागे अडकणार नाही, हे आधी बघा. अडकत असेल तर भिंतीची जागा बदला. माणसांच्या बाजूला बाहेर पडायची दुसरी वाट राहिलीच पाहिजे. पट्ट्यांसकट असलेली कंपनीची आसनं कंपनीच्याच जागी ठेवा. बाजूने लांब बाकडं करून देतो म्हणणारे फॅब्रिकेटर भेटतील. आडव्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला ब्रेकमध्ये धरायला काहीच नसतं.

वजनाचंही तसंच. जड वस्तू खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. ॲक्सलच्या मागे टाकलेलं वजन तरफेसारखं गाडीचं नाक उचलतं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि घाटात ते लगेच जाणवतं. तुम्हाला दाभोळ-धोपावे फेरीबोट रोजचीच असणार. ओहोटीला रॅम्पचा उतार तीव्र असतो आणि शेपटीकडे भरलेली गाडी चढता-उतरताना मागून घासते. माझा मागचा बंपर तिथेच वाकला होता. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. सगळं बसवून, मुलांनाही बसवून, एकदा वजनकाट्यावर न्या. मी नेली तेव्हा माझ्या अंदाजापेक्षा पावणेदोनशे किलो जास्त निघाली. सगळा दोष जाड प्लायचा आणि "लागेल कधीतरी" म्हणून भरलेल्या सामानाचा.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे देण्याआधी तोच करायचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आसनसंख्या ही नोंदच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि गाडी कागदावर १३ आसनी, प्रत्यक्षात सहा आसनी आणि मागे कारखाना, असं निघालं तर दावा अडकतो. बदल मंजूर झाला की विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही लागेल.

याच कायद्यात खाजगी सेवा वाहन नावाचा एक वर्ग आहे. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणारी आणि मालक भाडं न घेता स्वतःच्या धंद्यासाठी वापरतो ती गाडी या वर्गात येते. ती ट्रान्सपोर्टमध्येच मोडते, म्हणजे परमिट आणि फिटनेस दोन्ही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तुमची माणसं पाच आहेत. चालक सोडून आसनं सहा किंवा कमी ठेवलीत तर या व्याख्येच्या बाहेर राहता. मग गाडीची नोंद कोणत्या वर्गात होईल, त्याला कर किती, हे रत्नागिरीच्या आरटीओत साध्या हाताने काढलेलं आसनांचं चित्र घेऊन जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी हे उलट्या क्रमाने केलं. आधी आसनं काढली, मग कागद. त्यात गाडी चार महिने दारात उभी राहिली.

चालकाच्या लायसन्सची काळजी मात्र आता कमी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीसुद्धा चालवू शकतो.

गाडी बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी. पहिली, पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही पाहिलं असेल. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला तेच झालं. बुडालेल्या गाड्या धुऊन, रंगवून फिरतच असतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास असतो. आसनांच्या रुळांखाली, फ्यूजच्या डब्यात, दाराच्या पॅनलमागे बोट फिरवा. दुसरी, गंज. पर्यटनाची गाडी गणपतीपुळे, तारकर्लीच्या वाळूत उभी राहिलेली असते. पायरी, सरकत्या दाराचा खालचा रूळ, चाकांवरच्या कमानी, छताच्या कडेची पन्हळ आणि स्प्रिंगचे हँगर बघा. फ्लोअरची रबरी मॅट उचलू देत नसेल तर तो विक्रेता सोडून द्या.

टाटाची विंगर व्हॅन घ्यावी का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. डांबरी रस्त्यावर विंगर सुखाची आहे. पण तिची पुढची चाकं ओढतात. शेवाळलेल्या उतारावर, मागे वजन असताना, वर चढायला लागलं की भार मागे जातो आणि पुढची चाकं जागेवर फिरतात. जेटीच्या रॅम्पवर मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तुमचे पंप तर विहिरीपर्यंत जाणाऱ्या लाल मातीच्या वाटांवर. ट्रॅव्हलरला मागची चाकं ढकलतात आणि वजनही त्यांच्यावरच असतं. शिवाय बजाज टेम्पोने १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवरून ही गाडी आणली, म्हणजे तालुक्याच्या प्रत्येक गावात तिचा मिस्त्री आणि सुटे भाग आहेत. खेडला गाडी बंद पडली की हे मोलाचं ठरतं.

पाण्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे गाड्या पाण्याने मरतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणून आमची मोठी कामं भर पावसात. मुलं दिवसातून दहा वेळा भिजलेली आत येतात. पहिल्या वर्षी मी साध्या कमर्शियल प्लायचे सुंदर ड्रॉवर करून घेतले होते. आषाढ संपायच्या आत एकही उघडेना. आयएस ७१० चं मरीन प्लाय घ्या आणि कापलेली प्रत्येक कड, प्रत्येक भोक, इपॉक्सीने किंवा निदान दोन हात पॉलिशने बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे ड्रॉवर करूच नका. मी आता लोखंडी रॅकमध्ये आंब्याचे प्लास्टिक क्रेट ठेवतो. जाळीदार असतात, पाणी गळून जातं, उचलून थेट कामावर नेता येतात आणि वाशीहून परत येणारे जुने क्रेट बागायतदारांकडे सहज मिळतात. आधी क्रेट आणा, त्याच्या मापाने रॅक करा. प्रत्येक रॅकला पुढून आडवी पट्टी आणि तिला पिन.

छताला भोक पाडू नका. ताडपत्रीचा मांडव टाकायला मी पन्हळीला पकडणारे क्लॅम्प करून घेतले. तुम्ही छतावर पॅनल बसवणारच, तर तिथेही तसंच करता आलं तर बघा. आतून छताला थर्माकोल किंवा काचलोकर लावू नका. ओल धरून ठेवते आणि पत्रा वरून रंगीत, आतून पोकळ होतो. बंद पेशींचा रबरी फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून लावा. ओले रेनकोट भिंतीच्या मागे टांगायची सोय ठेवा, माणसांच्या बाजूला नको. फ्लोअरवर चकचकीत ॲल्युमिनियम चेकर्ड शीट टाकायचा मोह होईल. खारं पाणी मध्ये गेलं की लोखंड आणि ॲल्युमिनियमचं एकमेकांशी जमत नाही, एक दुसऱ्याला खातं. टाकायचीच असेल तर मध्ये रबर द्या आणि स्क्रूला नायलॉनचे वॉशर.

वायरिंग तुमचा धंदा आहे, म्हणून थोडक्यात. गाडीत १२ व्होल्ट असल्यामुळे करंट प्रचंड वाढतो. १५०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२५ ते १४० अँपिअर ओढतो. केबल आखूड, ५० चौरस मिमीची, टिन केलेल्या तांब्याची, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी बूच हवंच. गाडी हलते आणि पत्र्याची कड दोन वर्षांत इन्सुलेशन कापते. १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे जवळपास १.२८ युनिट, ग्राइंडर, दिवे आणि चार्जिंगला दिवसभर पुरते. ती अल्टरनेटरला थेट जोडू नका. रिकामी झालेली लिथियम इतका करंट मागते की अल्टरनेटर तापून जातो, मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा आणि इन्व्हर्टरचं न्यूट्रल-अर्थ जोडलेलं आहे का तपासा. जोडलेलं नसेल तर ती आरसीसीबी नुसती शोभेला राहते, आणि तुमची मुलं ओल्या पायांनी उभी असणार.

एक अगदी हात जोडून सांगतो. पाऊस आहे म्हणून जनरेटर गाडीच्या आत, दार किलकिलं ठेवून, कधीही चालवू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दमलेला मुलगा आसनावर डोळा लागून झोपलेला असतो. माझ्या गाडीत जनरेटरला जागाच ठेवलेली नाही, लागला तर कामावर भाड्याने घेतो. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची नळकांडीही माणसांबरोबर नेत नाही.

टेबल मी मागच्या दारापाशी घडीचं केलंय, बिल लिहायला आणि छोटं काम उघडून बघायला पुरतं. तो वाइस आता मरीन प्लायच्या फळीवर बसवलेला आहे. फळी रॅकच्या खाचेत सरकते आणि १६ मिमीची पिन आरपार जाते. गाडी सुरू करण्याआधी ती पिन बघायचं काम घोटा मोडलेल्या त्याच मुलाने स्वतःकडे घेतलंय.

तुमच्या गाडीच्या आरसीवरची दोन्ही वजनं आणि सामानाची यादी इथे खाली लिहिलीत, तर काय कुठे ठेवायचं ते मी बसून मांडून देतो. आणि फेरीबोटीवरून उतरलात की त्याच संध्याकाळी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. दाराखालच्या पोकळ भागातली निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करायला विसरू नका.