आत्मविश्वास लहानपणीच हरवला असेल तर?

‘मॅडम, माझ्यात आत्मविश्वासच नाही, आणि त्याला माझं बालपण कारणीभूत आहे.’ हे मी विशीतल्या मुलांकडून ऐकते, पन्नाशीतल्या गृहस्थांकडूनही. पाठोपाठ प्रश्न येतो: आता काही होऊ शकतं का?

तिशी ओलांडलेली एकजण हाच प्रश्न घेऊन आली. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कामात हुशार. बढती चालून आली होती आणि ती नकार कळवायच्या बेतात होती. घरी कुणी मारलं नव्हतं की टोचून बोललं नव्हतं. उलट वडील फार प्रेमळ. तिचा शाळेचा प्रकल्प रात्री जागून तेच पूर्ण करायचे, अर्ज भरायचे, मैत्रिणीशी बिनसलं तर मध्यस्थीही तेच करायचे. ‘तू काय, काहीही करशील!’ असं कौतुक भरपूर, पण करू काहीच दिलं नाही. मुलापर्यंत अति टीकेतून जो निरोप पोचतो, तोच कधीकधी अति काळजीतूनही पोचतो: तुला एकटीला जमणार नाही.

सुरुवातीच्या भेटी बालपणावरच गेल्या. त्या लागतातच, रागाला आधी वाट मिळायला हवी. मग एकदा मी विचारलं,

‘बाबा अजून तुझं काम तपासतात?’

‘महत्त्वाची मेल त्यांना दाखवल्याशिवाय जात नाही.’

‘ते मागतात?’

ती बराच वेळ गप्प. ‘नाही. मीच पाठवते.’ मग म्हणाली, ‘परवा बाबा म्हणाले, आता तूच बघ गं. मला त्यांचा रागच आला.’

मला हे बरंच आधी दिसलं होतं. पण मी सांगितलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन बाबांना विचारलं असतं, मॅडम म्हणतात ते बरोबर आहे का! मी थांबले, याचं मला आजही समाधान आहे.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः निभावलेल्या कामातून. इतरांनी दिलेला धीर त्या मानाने तोकडा पडतो. मी हेच धरून चालते. निर्णय घेण्याची, चुकण्याची आणि ते निस्तरण्याची संधी लहानपणी हुकली, तरी मोठेपणी ती कुणाच्या परवानगीशिवाय घेता येते.

आम्ही आठवड्याला एक मेल न दाखवता पाठवण्यापासून सुरुवात केली. धडधड थांबायची वाट पाहायची नाही, धडधडत्या छातीनेच पाठवायची. नंतर वहीत लिहायचं: काय होईल असं वाटलं होतं, झालं काय. एकदा आकडा चुकलाच. तिने तो दुरुस्त करून मेल पुन्हा पाठवली. बिनचूक मेलांपेक्षा हीच नोंद तिच्या जास्त उपयोगी पडली. बढतीचं तिने मला सांगितलं ते होकार देऊन झाल्यावर.

बालपणात मारहाण किंवा सततचा अपमान असेल, तर मात्र एवढ्यावर भागत नाही. जुन्या प्रसंगांनी आजही झोप उडत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. वहीचं नंतर बघता येईल.