विंडोज ७ : आवृत्तीचं नाव नंतर, बिट आधी

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. चलनं अजून जुन्या डॉस प्रोग्रॅमवरच निघतात. कार्बनच्या तीन प्रती लागतात म्हणून प्रिंटरही डॉट मॅट्रिक्सच. विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर बंद पडलाय. सेकंडहँड मशीन मिळतंय, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. विकणारा म्हणतो, ‘विंडोज ७ अल्टिमेट, ६४ बिट टाकून देतो, सगळ्यात भारी.’ घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मशीन घ्या, पण ६४ बिट विंडोज अजिबात टाकून घेऊ नका. विंडोज ७ हे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येतं. डॉसचे १६ बिट प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत, मग आवृत्ती होम बेसिक असो की अल्टिमेट. तुम्हाला ३२ बिटच हवं. त्यात ४ जीबीपैकी सव्वातीनच्या आसपास वापरता येते, पण चलनाच्या कामाला ती भरपूर झाली. बसवलेलं कोणतं आहे ते ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘सिस्टिम टाइप’समोर दिसतं. पैसे देण्याआधी स्वतः बघा.

आवृत्तीचं म्हणाल तर अल्टिमेटमध्ये जादा मिळतं ते बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करायची सोय) आणि विंडोजची भाषा बदलायची सोय, तुमच्या कामाला दोन्हीचा उपयोग नाही. कॅबिनेटवर जी की (विंडोजचा परवाना क्रमांक) चिकटवलेली असेल तीच आवृत्ती टाका, होम बेसिक असली तरी चालेल. बिनाकीचं अल्टिमेट ३० दिवसांनी डेस्कटॉप काळा करून ‘ही प्रत अस्सल नाही’ असं बजावत राहतं.

प्रोफेशनलसाठी जादा पैसे मोजावेत असं एकच कारण आहे. विंडोज ७ मध्ये डॉस प्रोग्रॅम खिडकीतच चालतो, फुल स्क्रीन होत नाही. साधी अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्याने फरक पडत नाही. ग्राफिक्स वापरणारा मात्र ‘फुल स्क्रीन चालत नाही’ असा संदेश देऊन बंद पडतो. तो एक्सपी मोडमध्ये (विंडोज ७ च्या आत चालणाऱ्या विंडोज एक्सपीत) चालवता येतो आणि ही सोय प्रोफेशनलपासून पुढेच आहे. पण एक्सपी मोडला पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची रुंद केबल लागते ती जागा) दिसत नाही, त्यामुळे थेट छपाई अडते. म्हणून आधी साध्या ३२ बिटवर एक चलन काढून बघा.

प्रिंटर यूएसबीचा असेल तर डॉसला तो सापडणार नाही, कारण डॉस प्रोग्रॅम छपाई ‘एलपीटी१’ म्हणजे पॅरलल पोर्टकडे पाठवतो. तो शेअर करा, शेअरला ‘डॉट’सारखं छोटं, स्पेस नसलेलं नाव द्या आणि कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज एलपीटी१: \\कॉम्प्युटरचं नाव\डॉट /पर्सिस्टंट:येस’ ही ओळ इंग्रजीत टाका. मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट असेल तर तो आधी बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून) बंद करा, नाहीतर छपाई त्याच पोर्टकडे जात राहील.

फॉक्सप्रो किंवा क्लिपर या जुन्या डेटाबेस भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम ‘टू मेनी फाइल्स ओपन’ म्हणाला तर नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. सिस्टिम३२ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग.एनटी’त ‘फाइल्स=४०’ अशी ओळ असते, तिथे ९९ करा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा.

शेवटचं आणि महत्त्वाचं : विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. या मशीनला इंटरनेट जोडू नका. जीएसटी आणि बँकेचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. डेटाचं फोल्डर रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घ्या, आणि पेनड्राइव्ह दोन ठेवून आलटून पालटून वापरा.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर विंडोज ७ होम बेसिक आहे. मराठीत टाइप करायला अल्टिमेट लागेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. कंट्रोल पॅनेल, रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस, चेंज कीबोर्ड्स, अ‍ॅड, आणि तिथे मराठी निवडा. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) आणि मंगल फॉन्ट प्रत्येक आवृत्तीत आहेत. डाव्या ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलते.