वाचकांचे प्रश्न : खोली सोडण्याआधी

प्रश्न : विक्रोळीतल्या आमच्या म्हाडा सोसायटीत ४० बिऱ्हाडं आहेत. पुनर्विकासाला बहुमताने संमती झाली. आता बिल्डर दोन महिन्यांत घरं रिकामी मागतोय. बांधकाम होईपर्यंत तो आम्हाला देणार त्या भाड्याचा आकडाही त्यानेच ठरवलाय. सभासदांना विचारात घेऊन हे स्थलांतर कसं ठरवावं?
— सचिव, विक्रोळी

उत्तर : सभासदांनी होकार दिलाय तो पुनर्विकासाला. कोणी कधी आणि कुठे जायचं, याला अजून कोणीच हो म्हटलेलं नाही. त्यासाठी वेगळी सभा लावा, पण त्याआधी घरोघरी फॉर्म भरून घ्या. सभेत चार-पाचच जण बोलतात. घरातल्या बाईला विचारलं की खरी अडचण कळते. माणसं किती, दहावी-बारावीला कोणी आहे का, जिना चढता न येणारं कोणी आहे का, डायलिसिस कुठे चालू आहे, घरात शिलाई किंवा डब्यांचं काम आहे का, एवढं पुरे. खोली कोणाच्या नावावर आहे तेही लिहा. आजोबा वारले आणि हस्तांतरण झालंच नाही, असं एखादं घर बहुतेक इमारतींत निघतं, आणि मग भाड्याचा चेक नेमका तिथेच अडतो.

भाड्याचा आकडा बिल्डरकडून घेऊ नका. दोन-तीन सभासदांनी एजंटांकडे जाऊन आजचे दर आणावेत. चाळीस घरं एकदम शोधायला निघाली की आसपासची भाडी चढतात, तेही धरा. खरी गोची डिपॉझिटची होते. भाडं मिळतं, पण हातात एकरकमी डिपॉझिट नसतं; ते कॉर्पसमधून, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो त्या एकरकमी निधीतून, आगाऊ मागा. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा आणि बांधकाम तीन वर्षांचं, म्हणून दलाली दरवर्षी, सामानाचा खर्च जाताना आणि येताना, आणि भाड्यात वार्षिक वाढ, हे सगळं करारात हवं.

पहिल्या वर्षाचं भाडं एकरकमी आणि पुढच्यासाठी बँक गॅरंटी (बिल्डरने भाडं थांबवलं तर बँकेने भरायची हमी) घ्या. नुसत्या पुढच्या तारखांच्या चेकवर विसंबू नका, ते वटतीलच असं नाही. गोरेगावच्या पत्राचाळीत २००८ मध्ये करार झाला, ६७२ कुटुंबं बाहेर पडली आणि पुढे भाडंच थांबलं.

नव्या घराचा नंबरही आधी ठरवून घ्या. मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाने रहिवाशांनी खोली सोडण्याआधीच सोडत काढून घरं नेमून दिली. तुमची सोडतही सर्वांसमोर काढा आणि नंबर प्रत्येकाच्या नोंदणीकृत करारात घाला. करार हातात येईपर्यंत चावी देऊ नका.

तारीख परीक्षेनंतरची, पावसाच्या आधीची धरा. जूनमध्ये टेम्पोत गाद्या भिजतात.

प्रश्न : दोन घरं हटूनच बसलीत. काय करावं?

उत्तर : नोटीस धाडण्याआधी त्यांचा फॉर्म पुन्हा वाचा. बऱ्याचदा विरोध इमारतीला नसतो. आजीला लिफ्टचं घर किंवा तळमजला मिळत नसतो. तेवढं घर समितीने शोधून द्यावं आणि भाड्यातला फरक बिल्डरकडे मागावा.