हातात २८ हजार की २४ हजार आणि पीएफ?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी., बी.एड. आहे. गंगापूर रोडची शाळा २८,००० देते, पण पीएफ नाही आणि नेमणूक ११ महिन्यांची. इंदिरानगरची शाळा २४,००० देते, पीएफ वेगळा, नेमणूक कायम. यजमान म्हणतात, जास्त पगार घे. काय करावं? – एक आई, नाशिकरोड

ताई, नमस्कार.

आधी वर्षाचा हिशेब मांडू. २८,००० गुणिले ११ म्हणजे ३,०८,०००. दुसरीकडे बारा महिन्यांचे २,८८,०००. त्यात शाळेचा पीएफचा वाटा, १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के धरला तरी महिना १,८००, वर्षाला २१,६००. बेरीज ३,०९,६००. यजमानांना एवढंच दाखवा. मात्र हा वाटा २४,००० च्या वर आहे की त्यातूनच कापणार, हे विचारून घ्या. खरी मेख तिथे असते.

ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेबद्दल, पत्रात काहीच नाही. कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीने खासगी शाळांतले शिक्षकही तिच्या कक्षेत आले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. सलग पाच वर्षं झाली की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून. मूळ पगार व महागाई भत्ता २६,००० असेल तर वर्षामागे १५,०००. एप्रिलअखेर सोडून जूनला नवा आदेश देणाऱ्या शाळेत ‘सलग’ या शब्दावरच वाद होतो.

लग्नाचं बघताय असंही लिहिलंत. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते, पण ११ महिन्यांच्या नेमणुकीत रजेची वेळ आली की पुढचा आदेश निघेलच असं नाही. चांगल्या शिक्षिका शाळा सोडतात त्या बहुतेक याच टप्प्यावर, आणि मग संस्थाचालक म्हणतात, ‘हल्ली कोणी टिकत नाही.’ कसं टिकणार?

माझं मत इंदिरानगरच्या बाजूने आहे. फक्त ‘कायम’ हा शब्द नियुक्तीपत्रात हवा, तोंडी नको.

नोकरी करतानाच टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टीएआयटी (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) द्यायला सांगा. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून माध्यमिकला निवड झाली तर शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं १८,००० मानधन, नंतर वेतनश्रेणी. जुनी पेन्शन मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना बंद झाली. त्या आशेवर हिशेब करू नका. सुरुवातीची तीन वर्षं घरचा आधार लागेल, तेवढं यजमानांशी आत्ताच बोलून ठेवा.